निरोप समारंभाची यादी टेबलावरून फिरवू नका

प्रति,
मा. सचिव, सामान्य प्रशासन विभाग, मंत्रालय, मुंबई
आणि राज्यातील सर्व शासकीय कार्यालयांचे कार्यालयप्रमुख

विषय : निरोप समारंभ, वाढदिवस, स्नेहभोजने व सहली यांसाठी कार्यालयांत गोळा होणारी वर्गणी, त्यात जाणारा कार्यालयीन वेळ आणि त्यासाठी राबणारी माणसे

महोदय, महोदया,

मे महिना तोंडावर आला की प्रत्येक कार्यालयात दोन याद्या तयार होतात, एक बदल्यांची आणि एक वर्गणीची. बदल्यांच्या यादीमागे २००५ चा अधिनियम आहे. त्या साधारणपणे वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या असं त्यात लिहिलंय, आणि अन्याय झाला तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाता येतं. वर्गणीच्या यादीला ना शासन निर्णय, ना परिपत्रक, ना जावक क्रमांक. तिच्याविरुद्ध कुठेच जाता येत नाही. अंमलबजावणी मात्र तिचीच जास्त कडक.

आम्ही गट क आणि गट ड मधले कर्मचारी आहोत: लिपिक, टंकलेखक, वाहनचालक, नाईक, शिपाई. आमच्या शेजारी बसणारे कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरही या पत्रात आमच्यासोबत आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. समारंभांना आमचा विरोध नाही. चाळीस-पन्नास माणसं दिवसाचे साडेआठ तास एका छताखाली काढतात. त्यांनी एकत्र चहा प्यावा, जाणाऱ्याला धड निरोप द्यावा, यात वाईट काही नाही. आमचं भांडण आहे ते पैसे गोळा करण्याच्या रीतीशी, वेळेशी, आणि राबायचं कुणी या प्रश्नाशी.

मे मध्येच ही गर्दी का, हे कार्यालयाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. कर्मचारी ज्या महिन्यात वयोमर्यादा गाठतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो निवृत्त होतो. जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख लिहून टाकली अशा पिढीत १ जूनवाले चिक्कार. त्यामुळे ३१ मे ला एकेका कार्यालयातून दोघं-तिघं एकदम बाहेर पडतात. त्याच सुमारास बदलीवाले कार्यमुक्त होतात आणि नवे साहेब रुजू होतात. दोन निरोप, मग एक स्वागत, मग पुन्हा निरोप. वह्या-पुस्तकं, गणवेश, मुलांच्या फीचे हप्ते, हे सगळंही नेमकं याच पगारातून जायचं असतं.

आता ती यादी.

आस्थापना शाखेतलं कुणीतरी एक फुलस्केप घेतं, पट्टीने चार रकाने आखतं: अनुक्रमांक, नाव, रक्कम, सही. नावं ज्येष्ठतेप्रमाणे. सगळ्यात वर साहेब, आणि त्यांच्यासमोरचा आकडा आधीच भरून घेतलेला. मग कागद टेबलावरून टेबलावर निघतो. दुसऱ्या ओळीतला माणूस वरचा आकडा बघतो आणि त्याच्या जरा खाली थांबतो. तिसरा दुसऱ्याएवढेच लिहितो. आठव्या-दहाव्या ओळीपासून सगळ्यांचा आकडा एकच होतो, आणि तळाच्या शिपायापर्यंत तोच उतरत जातो. कुणी कुणाला दटावलेलं नसतं. दटावायची गरजच पडत नाही, ते काम रकान्यांनी केलेलं असतं. तुमची रजा पुढे ठेवणारा, वेतनवाढीची नोंद सेवापुस्तकात घेणारा, प्रवासभत्त्याचं बिल अडवू शकणारा माणूसच जेव्हा हा कागद समोर धरून उभा राहतो, तेव्हा वर ‘ऐच्छिक’ लिहिलं काय आणि न लिहिलं काय, सारखंच.

हल्ली फुलस्केपच्या जागी व्हॉट्सॲप आलंय. सोय झाली, दबाव दुप्पट झाला. बैठकीच्या सूचना ज्या ग्रुपवर येतात त्याच ग्रुपवर क्यूआर कोड पडतो. ‘सर्वांनी आजच रक्कम पाठवून स्क्रीनशॉट टाकावा ही नम्र विनंती’, पुढे जोडलेले हात. संध्याकाळपर्यंत स्क्रीनशॉटची रांग लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा संदेश येतो, ‘उर्वरित’, आणि त्याखाली सात नावं. त्या सातांत कुणाच्या घरी दवाखाना चालू असतो. कुणाचे पतसंस्थेचे हप्ते जाऊन हातात फारसं काही उरत नाही. एखाद्याला तर ज्याचा सत्कार आहे त्यानेच वर्षभर पिळलेलं असतं. हे ग्रुपवर लिहून कळवायचं कसं? ग्रुप सोडावा तर दुपारी माहिती त्यावरच मागवली जाते.

या सगळ्याचं मूळ आम्हाला दिसतं ते असं. खर्च आधी ठरतो आणि मग डोकी मोजली जातात. साहेबांना सोन्याची अंगठी की चांदीची मूर्ती, जेवण हॉलमध्ये की गच्चीवर, बॅनर केवढा, हे तीन-चार जण केबिनमध्ये ठरवतात. एकूण आकड्याला माणसांच्या संख्येने भागलं की वर्गणी तयार. अशा हिशेबात एकाने नाही म्हटलं की त्याचा वाटा दुसऱ्यावर पडतो, म्हणून नाही म्हणणारा आपोआप सगळ्यांचा शत्रू होतो. हाच हिशेब उलटा केला, म्हणजे आधी जमेल ते जमू दिलं आणि मग तेवढ्यातच खर्च बसवला, तर निम्मी कटकट तिथेच मिटते.

वर्षाची बेरीज कुणी सहसा करत नाही म्हणून इथे करून दाखवतो. समजा ४० जणांचं कार्यालय आहे. वर्षात पाच निवृत्त्या, चार बदल्या, दोन स्वागतं, एक दिवाळी फराळ, एक सत्यनारायण, एक महिला दिन, असे चौदा कार्यक्रम. माणशी ३०० रुपये धरले तरी ४,२०० झाले. वर सहलीचे १,५००. एकूण ५,७००. वाढदिवसाचे केक यात धरलेले नाहीत. गट अ च्या, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या, पगारात ही रक्कम दिसतही नाही. एजन्सीमार्फत महिन्याला पंधरा हजार हातात पडणाऱ्या ऑपरेटरसाठी ती जवळजवळ साडेअकरा दिवसांची कमाई आहे. आणि त्याला स्वतःला निरोप मिळणार नसतो. कंत्राट संपलं की तो ओळखपत्र जमा करतो, पासवर्ड सांगतो आणि निघतो.

हे सगळं नियमांत बसत नाही, हे आपल्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला नियम १४ सत्कारांबद्दल आहे. निवृत्ती किंवा बदलीच्या वेळचा खाजगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा निरोप समारंभ त्याने चालवून घेतला आहे. पण त्याच नियमाखाली एक टीप आहे, आणि ती फारशी कुणी वाचत नाही. तिचा अर्थ असा: समारंभ खाजगी, अनौपचारिक असला तरी वर्गणीसाठी कुठल्याही कर्मचाऱ्यावर कोणत्याही प्रकारचा दबाव किंवा वजन आणणं निषिद्ध, आणि वर्ग ३ व वर्ग ४ मधल्या, म्हणजे आजच्या भाषेत गट क आणि गट ड मधल्या, कर्मचाऱ्यांकडून या दोन वर्गांबाहेरच्या अधिकाऱ्याच्या समारंभासाठी वर्गणी घेणं कोणत्याही परिस्थितीत निषिद्ध. कोणत्याही परिस्थितीत, म्हणजे खुशीने दिली तरीही. ज्याने हे लिहिलं त्याला सरकारी कार्यालयातली खुशी म्हणजे काय ते नीट माहीत असणार. त्याच नियमांतला नियम १२ पूर्वमंजुरीशिवाय कुठल्याही कारणासाठी निधी गोळा करायला मनाई करतो. आपल्या राज्याच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही वर्गणी, भेटी आणि सत्कार यांवर बंधनं आहेत. नवा कायदा आम्ही मागत नाही. आहे तो कुणीतरी फलकावर लावावा, एवढंच.

दुसरी तक्रार वेळेची, आणि ती आमच्यापेक्षा खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्यांची जास्त आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला. शनिवारची सुटी मिळाली त्या बदल्यात कामाची वेळ वाढली: सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा, शिपायांसाठी साडेनऊ ते साडेसहा, दुपारी एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास जेवणाचा. आता ३१ मे बघा. २०२५ साली तो शनिवारी आला, २०२६ साली रविवारी. म्हणजे समारंभ शुक्रवारी सरकतो. शुक्रवारी चारचा कार्यक्रम म्हणून तीनला खिडकी बंद होते, कारण खुर्च्या लावायच्या असतात. उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी तालुक्याला आलेल्या माणसाला ‘साहेब कार्यक्रमात आहेत’ हे उत्तर मिळतं आणि तो शेवटची एसटी धरतो. त्याच्यासाठी कार्यालय शुक्रवारी दुपारी बंद होतं ते थेट सोमवारी सकाळी उघडतं. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली सेवांना जे दिवस ठरवून दिलेत, त्यात निरोप समारंभाची सूट कुठे दिल्याचं आमच्या वाचनात नाही.

समारंभ चालतो तरी किती? नेहमीचा क्रम घ्या. पाहुण्यांचं आगमन, स्वागत आणि दीपप्रज्वलन १५ मिनिटं. प्रास्ताविक १०. मग मनोगतं. अकरा जण बोलतात, प्रत्येक जण ‘मी जास्त वेळ घेणार नाही’ म्हणून सरासरी सात मिनिटं घेतो, म्हणजे ७७. अध्यक्षीय भाषण २५. आभार १०, कारण त्यात मंडपवाल्यापर्यंत सगळे येतात. ज्याच्यासाठी हे सगळं, त्या सत्कारमूर्तीला २०. झाली १५७ मिनिटं, अडीच तासांच्या वर. गुणिले चाळीस माणसं, म्हणजे शंभरावर मनुष्यतास. ते भरून काढायला दुसऱ्या दिवशी कुणी लवकर येत नाही.

शिपाई निवृत्त होतो तेव्हा मात्र हे गणित लागू पडत नाही. त्याचा कार्यक्रम वऱ्हांड्यात होतो. शाल, नारळ, पेढे, साहेबांना बैठकीला जायचं असल्याने वीस मिनिटांत आटोपतं. अडतीस वर्षं ज्याने सगळ्यांच्या निरोपाच्या खुर्च्या लावल्या, त्याच्या निरोपाच्या खुर्च्याही बहुधा त्यानेच सकाळी लावलेल्या असतात.

राबण्याची तक्रार याच ओळीतून निघते. मोठ्या समारंभाच्या दिवशी शिपायाचा दिवस साडेसहाला संपत नाही. सभागृहातून खुर्च्या उतरवणं, हार-गुच्छ आणणं, समोशांच्या करंड्या वर चढवणं, बॅनर बांधणं, नंतर टेबलं पुसणं, खरकटं उचलणं, कुलूप लावणं. साडेसात-आठ वाजतात. याचा भत्ता नाही, बदल्यात रजा नाही. वाढपी म्हणून उभं राहून शेवटी जेव्हा त्याच्या हातात प्लेट येते, तेव्हा गुलाबजामच्या पातेल्यात पाक उरलेला असतो.

महिला कर्मचाऱ्यांचंही ठरलेलंच: रांगोळी, औक्षण, स्वागतगीत, आणि पाहुण्यांच्या हातात बशी देणं. लेखाशाखेत बिलं तपासणाऱ्या बाईंना दुपारी दोन वाजता ‘मॅडम, ताट तुम्ही धरा ना’ असं सांगितलं जातं, आणि मार्च असो की मे, बिलं त्यांनीच पुरी करायची असतात. औक्षण करायचंच असेल तर ज्याला हौस आहे त्याने करावं. पुरुषाच्या हातात ताट दिल्याने निरांजन विझत नाही.

पुढच्या दोन गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या आपल्यासाठीच जास्त अडचणीच्या आहेत. पहिली, जेवण कुणाकडून? वर्गणी न काढता ‘जेवणाची सोय झाली आहे’ असं कळलं की सगळे खुश होतात, आम्हीही. पण फार्महाऊसवरची ती सोय ज्याची बिलं आपल्याच लेखाशाखेत आहेत अशा माणसाने केलेली असते. साधं चहापाणी, एखाद्या वेळचं जेवण याला केंद्राच्या नियमांनी भेट मानलेलं नाही. पण ज्यांच्याशी कार्यालयीन व्यवहार आहे त्यांच्याकडून भारी पाहुणचार घेणं टाळावं, असं त्यांतच म्हटलं आहे. ताट मांडणाऱ्याचं बिल सोमवारी टेबलावर येतं तेव्हा त्यावर शेरा मारायचा कनिष्ठ लिपिकाने, हेही लक्षात असू द्या.

दुसरी, सहल. कार्यालयाने काढलेली सहल आणि त्या बसचा प्रवास हे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कक्षेत येतात, कारण नोकरीच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागाही त्यात धरली आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसांच्या कार्यालयात अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे. सहलीची सूचना काढताना समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि नंबर तिच्या खाली छापा. ‘ओली’ व्यवस्था मागच्या बाकांवर असणार हे ज्यांना आधी माहीत असतं त्या बायका सहलीला येतच नाहीत; मग ‘त्या मिसळत नाहीत’ म्हणून नावं ठेवली जातात. न येणं म्हणजे फटकून वागणं नव्हे, आणि त्याचा गोपनीय अहवालाशी काही संबंध नसावा.

खरी बोच वेगळीच आहे. सत्कारमूर्तीच्या खांद्यावर शाल पडते त्या क्षणी त्याच्या पिशवीत पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश, असतो का? बऱ्याचदा नसतो. निवृत्तिवेतनाचं प्रकरण मुंबई किंवा नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे वेळेत जायला हवं असतं. ते अडकतं कुठे, तर आपल्याच कपाटात. सेवापुस्तकावर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या कार्यालयाने सेवेची पडताळणी नोंदवलेली नाही. ना-देय प्रमाणपत्र कुणी मागितलंच नाही. जुनं नामनिर्देशन तसंच पडलंय. जादा वेतन प्रदान झाल्याचं आक्षेपात निघतं ते अगदी शेवटच्या महिन्यात. अंगठीची निवड करायला जी समिती चार वेळा बसते, ती निवृत्तीच्या सहा महिने आधी एकदा सेवापुस्तक उघडून बसली तर ती अंगठीपेक्षा मोठी भेट होईल. उपदान (ग्रॅच्युइटी), अर्जित रजेचं रोखीकरण (कमाल ३०० दिवस), भविष्य निर्वाह निधीचं अंतिम प्रदान, गटविमा: या चारांचे आदेश शालीसोबत द्या. ते व्यासपीठावर वाचून दाखवले तर टाळ्या आपोआप पडतील, सूत्रसंचालकाला मागाव्या लागणार नाहीत.

नुसती तक्रार करून थांबत नाही. चाळीस माणसांच्या कार्यालयात निरोप कसा बसवता येतो ते पुढे लिहितो.

वेळ जेवणाच्या सुटीची, दुपारी एक ते दीड. निवृत्ती असेल तर कार्यालयप्रमुखांच्या लेखी परवानगीने पावणेदोनपर्यंत. जनतेच्या खिडकीवर आणि आवक-जावकला एकेक जण राहतो, त्यांचा खाऊ आधी काढून ठेवायचा. बोलणार तिघं, तीन-तीन मिनिटं: बरोबर काम केलेला एक सहकारी, हाताखाली काम केलेला एक, आणि कार्यालयप्रमुख. उरलेला वेळ जाणाऱ्याचा. व्यासपीठ नको. उंचावर दहा खुर्च्या लागल्या की त्यांवर कोण बसणार यावरून अर्धा दिवस जातो.

पैशासाठी सारखी, कोरी, एकाच रंगाची चाळीस पाकिटं आणि कुलूप असलेला एक डबा. प्रत्येकाला एक पाकीट. त्यात जे घालायचं ते घालावं, नसेल तर रिकामं चिकटवून टाकावं. पाकीट मात्र सगळ्यांनी टाकायचं, म्हणजे कुणी पैसे घातले नाहीत ते दिसत नाही. डबा टपाल शाखेत ठेवावा. साहेबांच्या केबिनबाहेर ठेवला तर कोण आलं-गेलं ते स्वीय सहायकाला दिसतं आणि पुन्हा तेच सुरू. उघडायला दोन माणसं, एक गट क चा आणि एक गट ड चा, आस्थापना शाखेतलं कुणी नाही. जाहीर होईल ती फक्त एकूण रक्कम. अधिकाऱ्याचा निरोप असेल तर हा डबाही गट क आणि ड साठी नकोच. तिथे अधिकाऱ्यांनी आपसांत बघावं. आम्ही हजर राहू, टाळ्या वाजवू, आणि मनापासून वाजवू.

ही रीत फसते ती तीन ठिकाणी. डबा उघडायच्या आधी खर्च ठरवला की फसते. पाकिटावर कुणी ‘आठवण राहावी म्हणून’ नाव लिहायला सांगितलं की फसते. आणि चहाला फक्त ‘पैसे देणाऱ्यांनाच’ बोलावलं की कायमची फसते.

खाण्याचं माप सोपं आहे. माणशी दोन बटाटेवडे आणि दहा टक्के वर, म्हणजे ९० वडे. पेढे एक किलो, साधारण चाळीस येतात. पण त्यात टेबलावरून उचलणारे असतात म्हणून सव्वा किलो. चहा दीडपट धरावा, ९० मिलीचे साठ कप, साडेपाच लिटर. चतुर्थी, एकादशी, रोजे यांची तारीख आधी बघावी. उपवासवाल्यांना ‘तुम्ही केळं घ्या’ असं शेवटच्या क्षणी सांगणं बरं दिसत नाही. मे महिन्यात क्रीमचा केक, श्रीखंड, दह्याची कोशिंबीर नकोच. दुपारी दोनला आणलेला केक सहाला कापायचा म्हटलं तर विदर्भात काय आणि खानदेशात काय, तो सुरीला चिकटून येतो, आणि दुसऱ्या दिवशी चार जण रजेवर असतात. थर्माकोलच्या प्लेटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी त्या सरकारी गच्चीवर सापडतात. पन्नास स्टीलच्या बश्या एकदाच घेऊन ठेवाव्यात. ज्याने खाल्लं त्याने आपली बशी विसळून ठेवावी, पदनाम कुठलंही असो.

यावरून आमच्या मागण्या अशा:

१. केंद्राच्या नियम १४ खालच्या टिपेच्या धर्तीवर, गट क आणि गट ड कर्मचाऱ्यांकडून वरिष्ठांच्या समारंभासाठी वर्गणी घेण्यास स्पष्ट मनाई करणारं एक पानी परिपत्रक सामान्य प्रशासन विभागाने काढावं. ते मराठीत असावं आणि प्रत्येक सूचनाफलकावर लागावं. कंत्राटी आणि बाह्यस्रोत कर्मचाऱ्यांचा त्यात नावाने उल्लेख हवा, नाहीतर ‘ते कुठे सरकारी आहेत’ असा अर्थ काढला जाईल.

२. नाव, रक्कम आणि सही एकत्र असलेली कोणतीही यादी फिरवू नये. कार्यालयीन व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर कोड, स्क्रीनशॉट किंवा ‘उर्वरित’ नावं टाकू नयेत.

३. कोणताही समारंभ ४५ मिनिटांच्या वर चालू नये, आणि तेवढ्या वेळात जनतेची खिडकी बंद राहू नये.

४. वेळेनंतर शिपाई किंवा वाहनचालकाला थांबवायचं असेल तर लेखी आदेश द्यावा आणि त्याबदल्यात रजा द्यावी. शासकीय वाहन हार, केक आणि पाहुणे आणायला जात असेल तर तशीच नोंद लॉगबुकात करावी. ती करायची लाज वाटत असेल तर वाहन पाठवू नये.

५. जमाखर्च तीन दिवसांत फलकावर लावावा. शिल्लक पुढच्या कार्यक्रमाला जावी, आणि तो कार्यक्रम शिपायाच्या निवृत्तीचा असेल तरीही जावी.

६. निवृत्तीच्या दिवशी पीपीओ, उपदान आणि रजा रोखीकरणाचे आदेश हातात दिले नसतील, तर ते कुठल्या टेबलावर आणि कशासाठी अडकले आहेत हे कार्यालयप्रमुखांनी त्याच समारंभात उभं राहून सांगावं.

परिपत्रक एप्रिलअखेर निघालं तर यंदाच्या ३१ मे च्या आधी फलकावर लागेल. मसुदा हवा असेल तर आमच्याकडे टंकलिखित तयार आहे, एका पानात मावतो, फक्त जावक क्रमांक घालायचा बाकी आहे.

आपले,
गट क व गट ड मधील काही कर्मचारी

प्रत माहितीसाठी : सर्व कर्मचारी संघटनांचे पदाधिकारी. यादी फिरवण्यात आपलेही काही जण पुढे असतात, म्हणून.